भार आपला, ओझे सर्वांचे

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:१-५



वाराणसी नगरीसमोर, गंगेच्या पूर्व तीरावर रामनगर वसलेले आहे. तेथे काशीनरेशांचा अठराव्या शतकातील किल्ला आहे, आणि त्या राजघराण्याच्या आश्रयाने चालत आलेली रामलीलाही आहे. महाराजा उदितनारायण सिंह यांच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिचा आरंभ झाला असे मानतात. अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होऊन ती महिनाभर चालते. तिच्यासाठी एकच रंगमंच नसतो. गावभर पसरलेली मैदाने, बागा आणि तलावाचे काठ हीच तिची स्थळे होत. युनेस्कोने २००८ साली रामलीलेच्या परंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. रामनगरच्या लीलेची विशेष ख्याती अशी की, तेथे विजेचे दिवे लावीत नाहीत आणि ध्वनिक्षेपकही वापरीत नाहीत. जो उजेड असतो तो पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांचा, मशालींचा आणि आरतीच्या वेळी पेटविलेल्या महताबांचा.

हा उत्सव आपल्या शेजाऱ्यांचा आहे आणि आपण त्याच्याकडे आदरानेच पाहावे. पण त्यातील एक गोष्ट आपणही मनात धरावी अशी आहे. तेथे उजेड कोणीतरी वाहून आणतो, आणि तो वाहणारा सर्वांना दिसतो. मशाल पाहिली की मशालजीचा हातही दिसतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हे सांगावयास नको. वरातीच्या पुढे गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या उजेडाचे वजनही आठवेल. बत्तीच्या उष्णतेने कपाळावर आलेला घाम त्याच बत्तीच्या प्रकाशात चमकत असे.

वीज आली आणि हे ओझे दिसेनासे झाले. ते नाहीसे मात्र झाले नाही. माणसाच्या डोक्यावरून ते तारेत उतरले, आणि तार भिंतीच्या कडेने, पानांच्या आडून, सतरंजीखालून जाऊ लागली. लोक ताऱ्याकडे पाहतात. तारेकडे कोणी पाहत नाही. आज मला तुमचे लक्ष थोडा वेळ त्या तारेकडे वळवावयाचे आहे, कारण प्रेषित पौलाने लिहिलेले एक अवघड वचन तिच्या साहाय्याने पुष्कळ स्पष्ट होते.

नाताळ जवळ आला की आपल्या चर्चच्या आवारात रोषणाईचे काम निघते. घंटाघरावर तारा, दर्शनी भिंतीवर माळा, फाटकावर कमान आणि अंगणात गव्हाणीचा देखावा. या चारही ठिकाणचा प्रकाश निरनिराळ्या बटनांनी लावता व विझविता आला पाहिजे. उपासना चालू असता कमान विझवावी लागते. मध्यरात्रीनंतर गव्हाणीचा दिवा तेवढा ठेवावयाचा असतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डाने हे साधत नाही. म्हणून जाणता वायरमन त्या आवाराचे माप घेऊन खास केबल तयार करतो. स्विचबोर्डापासून अंगणापर्यंत तारांची एकच जुडी जाते. तिच्यात एकाच फेजवरून घेतलेल्या चार तारा असतात, चार ठिकाणांसाठी चार. प्रत्येकीला आपले बटन व आपला फ्यूज. परंतु प्रवाह परत नेणारी न्यूट्रलची तार चौघींना मिळून एकच असते. त्यांच्या सोबतीला अर्थिंगची हिरवी तार. अशा एकूण सहा तारा.

आता हिशेब पाहा. समजा, प्रत्येक ठिकाणी २ अँपिअर प्रवाह लागतो. २३० व्होल्टच्या दाबाला हे ४६० वॅट झाले. चार फेजच्या तारांपैकी प्रत्येकीवर २ अँपिअरचाच भार आहे. पण चारही दिवे लागले म्हणजे परतीच्या तारेतून ८ अँपिअर जातात. चौघींचे तिला एकटीला वाहावे लागते. म्हणून ती एकूण भाराला पुरेल इतकी जाड असावी लागते आणि प्लगही ६ अँपिअरचा चालत नाही, १६ अँपिअरचा घ्यावा लागतो. नवशिका काय करतो? सहाही तारा सारख्याच बारीक घेतो. दुपारी तो एकेक बटन दाबून पाहतो. तारा लागतो, माळ लागते, कमान लागते, गव्हाणी उजळते. सर्व काही ठीक दिसते. नाताळाच्या रात्री चारही एकदम लागतात, आणि जी तार कोणी पाहत नाही तीच तापू लागते. वरचे वेष्टन मऊ होते, मग वितळते. अंगणात लेकरे खेळत असतात.

आता एल.ई.डी. माळांना फार थोडी वीज लागते हे खरे. पण त्यामुळेच हिशेब करण्याची सवय सुटते, आणि त्याच केबलवर कोणी मोठा हॅलोजन, कोणी देखाव्यातील कारंज्याचा पंप, कोणी चहाची विजेची किटली जोडतो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे वळू या. दुसऱ्या वचनात पौल आपणांस एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो; असे केल्याने ख्रिस्ताचा नियम पूर्ण होतो, असे त्याचे म्हणणे आहे. आणि अवघ्या तीन वचनांनंतर तोच पौल म्हणतो की, प्रत्येकाला आपला स्वतःचा भार वाहावा लागेल. वाचणारा थबकतो. दुसऱ्याचे ओझे मी घ्यावयाचे, की ज्याचे त्याने वाहावयाचे?

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला येथे मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या वचनातील शब्द आहे बारोस. जड, दडपून टाकणारे वजन, असा त्याचा रोख आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेले मजूर ज्या कष्टाविषयी कुरकुर करतात, तेथे हाच शब्द आहे (मत्तय २०:१२). पाचव्या वचनातील शब्द निराळा आहे : फोर्तिओन. ज्याने त्याने न्यावयाचा नेमलेला भार, असा तो शब्द. जहाजावर लादलेल्या मालाला तो लावलेला आढळतो (प्रेषितांची कृत्ये २७:१०). आणि प्रभू येशूने भागलेल्या जनांस जवळ बोलावून आपला भार हलका आहे असे सांगितले, तेथेही फोर्तिओन हाच शब्द आहे (मत्तय ११:३०). हे दोन शब्द सर्वत्र एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळे राहतात असे मी म्हणणार नाही. पण या अध्यायात पौलाने ते जाणून निवडले आहेत, असे संदर्भावरून दिसते. मराठीत ओझे आणि भार हे दोन शब्द हाताशी आहेत, हे आपले भाग्यच. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला भार म्हणजे काय हे तर कोणी शिकवावयासच नको.

प्रथम आपल्या भाराचा विचार करू. प्रत्येक माळेला आपला फ्यूज असतो. माळेत दोष उत्पन्न झाला तर तिचा फ्यूज जावा, साऱ्या आवाराचा जाऊ नये, हा त्यातील हेतू. काही गोष्टी अशाच असतात की त्या माझ्यासाठी दुसरा कोणी करू शकत नाही. माझा पश्चात्ताप माझ्या आईने करावयाचा नाही. माझा विश्वास माझ्या पाळकाने धरावयाचा नाही. माझ्या जिभेवर, माझ्या पैशावर, माझ्या रागावर जो ताबा हवा, तो मंडळीच्या पंचांनी ठेवावयाचा नाही.

काशीशी आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. नीळकंठशास्त्री गोरे हे १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले, संस्कृत शास्त्रांत पारंगत झालेले मराठी ब्राह्मण. ख्रिस्ती मताचे खंडन करावे या हेतूने ते मिशनऱ्यांशी वाद घालू लागले, आणि त्या वादातूनच त्यांच्या मनात निराळा विचार सुरू झाला. घरच्यांचे दुःख, समाजाचा रोष, स्वतःच्या बुद्धीच्या शंका, हे सर्व पुढे उभे असता १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नहेम्या गोरे झाले. निर्णयाचा तो भार त्यांच्यासाठी कोणताही मिशनरी वाहू शकला नसता. तो त्यांचा फोर्तिओन होता.

परंतु पुढचा भाग विसरू नये. हेच गोरे पुढे पंडिता रमाबाईंच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिले. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्यामागे गोऱ्यांच्या लेखणीचाही वाटा होता, आणि तो रमाबाईंनी मानला आहे. ज्याने आपला भार एकट्याने वाहिला, तोच दुसऱ्याच्या ओझ्याला खांदा द्यावयास योग्य ठरला. आणि ज्या रमाबाईंना तो खांदा मिळाला, त्यांनी पुढे अनाथ, विधवा व दुष्काळपीडित स्त्रियांची ओझी मुक्तीसदनात उचलली आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम केले. भार आणि ओझे यांत विरोध नाही. एकाच जुडीतील त्या दोन तारा आहेत.

आता त्या परतीच्या तारेकडे येऊ. आपल्या मंडळीत उजळणारी ठिकाणे पुष्कळ असतात : गायनवृंद, शब्बाथशाळा, तरुण संघ, महिला मंडळ. प्रत्येकाचे बटन निराळे आणि प्रत्येकाला आपापल्या २ अँपिअरचा हिशेब ठाऊक असतो. पण या सर्वांचे शेवटी परत कोठे येते? आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढावयाची असते, तेव्हा कोण जातो? कर्जात बुडालेल्या कुटुंबाची गोष्ट गुप्त ठेवून त्याच्या मुलांची फी कोण भरतो? नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेली बहीण उपासनेनंतर रेंगाळते, तेव्हा तिच्याशी कोण बोलतो? बहुतेक मंडळ्यांत याचे उत्तर एकच असते : तीच दोन-चार माणसे. सर्वांचे वाहणारी ती बारीक तार. वर्षभर एकेक प्रसंग येतो तोवर निभावते. मग एखाद्या वर्षी आजार, बेकारी, मृत्यू हे सारे एकदम येते, आणि ती माणसे आतून तापू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी पाळकाची पत्नी बोलेनाशी होते, किंवा जुना सेवक उपासनेला येईनासा होतो, आणि आपण म्हणतो, यांना काय झाले कोण जाणे.

वायरमन सांगतो की न्यूट्रल तुटली म्हणजे चारही दिवे एकदम विझतात. पाहणाऱ्याला वाटते, वीज गेली. वीज गेलेली नसते. फेजच्या तारांत ती असतेच, आणि अंधारात तुटक्या टोकाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि मगच तारेला हात घालावा. मंडळीतही असेच घडते. सर्वांची ओझी वाहणारे खचले की सगळीकडे अंधार होतो, आणि त्या अंधारात दोष देणारे हात पुढे येतात. तेव्हा क्षणभर सर्व बटने बंद करावीत. कार्यक्रम थांबवावेत, बैठक पुढे ढकलावी, आणि त्या थकलेल्या माणसाजवळ जाऊन बसावे.

आणखी एक सूचना वायरमन आवर्जून देतो. लांब केबल गुंडाळीतच ठेवून तिच्यावर मोठा भार घालू नये. तिची उष्णता बाहेर पडावयास वाट मिळत नाही आणि गुंडाळी आतून जळते. केबल पूर्ण उलगडावी. आपल्यापैकी किती जण आपले दुःख असे गुंडाळून ठेवतात! लोक काय म्हणतील, घराण्याचे नाव काय राहील, या भीतीने ते उलगडीत नाहीत. एकमेकांची ओझी वाहण्याच्या आज्ञेला दुसरी बाजू आहे : माझे ओझे कोणी वाहावे असे वाटत असेल, तर ते मला कोणापुढे तरी उलगडावे लागेल. घेण्याला जशी प्रीती लागते, तशी देण्याला नम्रता लागते.

राहिली ती हिरवी तार. तिची जागा पौलाने पहिल्याच वचनात ठेवली आहे. अर्थिंगच्या तारेतून एरवी काहीच वाहत नाही. ती उजेड देत नाही. तरीही थ्री-पिन प्लगचा अर्थिंगचा पाय इतर दोहोंपेक्षा लांब असतो. प्लग घालताना तो सर्वांआधी जोडला जातो आणि काढताना सर्वांनंतर सुटतो. कारण दोष केव्हा उत्पन्न होईल हे कोणास ठाऊक नसते, आणि तो झाला की माणसाचा जीव त्या तारेवर अवलंबून असतो. पहिल्या वचनात पौल अशाच प्रसंगाविषयी बोलतो. कोणी एखाद्या दोषात सापडला तर आत्मिक जनांनी त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करावे, असे तो सांगतो. येथील ग्रीक क्रियापद कातार्तिझो असे आहे. याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते, तेथे हेच क्रियापद येते (मार्क १:१९). जाळे फाटले म्हणून कोळी ते फेकून देत नाही, आणि चारचौघांत फडकावून त्याचे भोकही दाखवीत नाही. मांडीवर घेतो आणि दोरा ओवतो. पडलेल्या भावाला किंवा बहिणीला असे मांडीवर घेणारा कोणी आपल्या मंडळीत आहे काय? दोष झाल्यावर असा मनुष्य शोधू लागलो तर उशीर होतो. तो आधीपासून, सर्वांआधी, जोडलेला असावा लागतो.

चौथ्या वचनात पौल प्रत्येकाला आपापले काम पारखून पाहावयास सांगतो. येथील क्रियापद धातू कसाला लावून पाहण्यासाठी वापरले जात असे. वायरमनही केबल टांगण्यापूर्वी ती पारखतो, आणि एकेक दिवा लावून नव्हे, तर सर्व दिवे एकदम लावून, काही वेळ तसेच ठेवून, मग वायर आणि प्लग हाताला गरम लागतात काय हे पाहतो. सांधे नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले नाहीत ना, डिसेंबरच्या दवात ते भिजणार नाहीत ना, ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसविला आहे ना, हेही पाहतो. शेजाऱ्याच्या माळेशी आपल्या माळेची तुलना करून त्याची चाचणी होत नाही. पौलही नेमके तेच म्हणतो : दुसऱ्याशी तुलना करून मिळणारा अभिमान कामाचा नाही.

वाचकहो, शेवटी एका क्रियापदाकडे तुमचे लक्ष वेधतो. दुसऱ्या आणि पाचव्या वचनांत ओझे व भार हे शब्द निराळे असले, तरी वाहणे हे क्रियापद एकच आहे : बास्ताझो. याच अध्यायाच्या सतराव्या वचनात पौल आपल्या शरीरावरील येशूच्या खुणांविषयी लिहितो, तेथेही तेच. आणि योहानाच्या शुभवर्तमानात (१९:१७) प्रभू येशू स्वतः आपला वधस्तंभ वाहत कवटीच्या जागेकडे निघाला, तेथेही हेच क्रियापद आहे. ख्रिस्ताचा नियम म्हणजे काय, याचे उत्तर येथे आहे. तो नियम त्याने प्रथम स्वतःच्या खांद्यावर वाहिला. आपल्या प्रत्येकाची तार कोठे ना कोठे भाराने वितळणारी आहे. सर्व जगाचे परतीचे ओझे एकट्याने वाहू शकला, असा तो एकच. आपण मंडळीत एकमेकांची जी ओझी घेतो, ती त्याने घेतलेल्या ओझ्यातील लहानसा वाटा होय. म्हणूनच ती आपल्याला घेता येतात.

यंदा नाताळाची रोषणाई करताना दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली : केबल ज्याला काम समजते त्याच्याकडून करून घ्या, परतीची तार पुरेशी जाड आहे हे विचारा, अर्थिंग तपासा, आणि रात्री जागून तारांवर लक्ष ठेवणाऱ्या त्या माणसाचे नाव व्यासपीठावरून घेऊन त्याचे आभार माना. दुसरी : मंडळीच्या पुढच्या बैठकीत रोषणाईच्या खर्चानंतर एक प्रश्न मांडा. आपल्यातील ओझी आज कोण कोण वाहत आहेत, आणि त्यांना आणखी कोणाची साथ हवी आहे? उत्तरादाखल दुसऱ्याचे नाव सुचवू नका. आपले सांगा. तार जाड करावयाची ती सणाच्या आधी. सणाच्या रात्री ती करता येत नाही.

ज्याने आमची ओझी वाहिली, तो प्रभू आपणांस आपला भार इमाने वाहण्याचे बळ देवो, आणि दुसऱ्याच्या ओझ्याखाली खांदा घालण्याची प्रीती देवो. आमेन.